माप कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी कामगार किंवा किमान वेतन यांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्याची सगळी उमेद संघटना बांधण्यात गेली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची? परंतु आम्ही विषय कळविला तो मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रांचा. चित्र चालता चालता अडकते, मधोमध एक चक्री फिरू लागते, आणि आपण हातातल्या यंत्राकडे मुकाट्याने पाहत बसतो. हे अडकणे कसे मोजतात, ते मोजण्याची विद्या कोठून आली आणि माप आज कोणाच्या हाती आहे, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. विषय इंजिनिअरांचा आहे, आणि आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. तथापि मोजमाप ही गोष्ट कामगाराला परकी नाही. ज्याच्या प्रत्येक हालचालीवर कारखान्यात घड्याळ लावले जाते, त्याला मापाचे मर्म लवकर कळते.

प्रथम बाजाराचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे शेर आणि पायली गावोगाव वेगळी असत. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, असे ठेवणारा व्यापारी प्रत्येक बाजारपेठेने पाहिला होता. १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले. त्या सुधारणेत दोन गोष्टी होत्या. माप सर्वत्र सारखे झाले ही एक. आणि त्यावर सरकारी शिक्का बसून ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आले ही दुसरी. आजही पेट्रोलपंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि शंका आल्यास गिऱ्हाईक ते मागू शकते. आम्हांस दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी वाटते. माप खरे असून भागत नाही. ज्याला माल घ्यावयाचा आहे त्याला ते पाहता आले पाहिजे. पुढील सर्व इतिहास या एका कसोटीवर घासून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

धान्य मोजणे सोपे, कारण ते डोळ्यांना दिसते. सेवा कशी मोजावी? हा प्रश्न प्रथम नीट सोडविला तो टेलिफोनवाल्यांनी. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाली. पुढे जगभर टेलिफोन वाढले आणि कंपन्यांपुढे एक पेच उभा राहिला. प्रत्येक घराला स्वतंत्र वाट द्यावी तर खर्च परवडत नाही. थोड्याच वाटा ठेवाव्या तर लोकांना जोडणी मिळत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ साली नोकरीस लागलेल्या आग्नर एर्लांग नावाच्या गणितज्ञाने हा पेच हाती घेतला. १९०९ आणि १९१७ सालच्या निबंधांत त्याने गणित मांडले: इतक्या वाटा आणि इतके बोलणारे असतील, तर शंभरांतून कितींना परत जावे लागेल. आजही टेलिफोनवरील गर्दीच्या एककाला त्याचेच नाव आहे. हा विद्वान खोलीत बसून राहत नसे. मोजणीसाठी तो शहरभर हिंडे, आणि जमिनीखालच्या तारांपर्यंत उतरण्याकरिता शिडी खांद्यावर घेतलेला एक कामगार त्याच्याबरोबर असे. त्या कामगाराचे नाव आमच्या वाचनात कोठे आले नाही. पण शास्त्राच्या इतिहासात शिडीवाल्यालाही जागा आहे, एवढे आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

त्या काळच्या टेलिफोनशास्त्राने एक प्रामाणिक संकेत पाळला: सेवा मोजावयाची ती सर्वांत गर्दीच्या तासाला. मध्यरात्री सगळ्या वाटा मोकळ्या असतात, तेव्हाचे माप घेऊन काय करावयाचे? पावसाळ्यात छत गळते की नाही हे उन्हाळ्यात पाहून कळत नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

टेलिफोननंतर चित्र आले. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्राचा चांगुलपणा कसा मोजावा? विजेचा दाब मोजता येतो, आवाजाची पातळी मोजता येते. परंतु चित्र ‘बरे दिसते’ याला यंत्र नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसाचा डोळाच यंत्र म्हणून वापरला. १९७४ साली आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीने एक शिफारस प्रसिद्ध केली. पुढे तिच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. पद्धत अशी: या धंद्याशी संबंध नसलेली, साधी पंधरा-वीस माणसे एका खोलीत बसवावी, प्रकाश आणि पडद्यापासूनचे अंतर ठरलेले असावे, त्यांना चित्रे दाखवून उत्कृष्ट, चांगले, ठीक, खराब, फारच खराब अशा पाच पायऱ्यांत मत विचारावे आणि मतांची सरासरी काढावी. साध्या माणसाचे मत शास्त्रात धरले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. १९८८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या व्याख्येनेही तेच मान्य केले: सेवेची गुणवत्ता म्हणजे सेवेच्या सर्व अंगांचा मिळून होणारा असा परिणाम, ज्यावर वापरणाऱ्याचे समाधान ठरते. शेवटचा शब्द गिऱ्हाइकाच्या समाधानाचा, असे कागदावर तरी ठरले.

आमच्या पिढीने दूरदर्शनवरील ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी पुष्कळ पाहिली आहे. तिची थट्टाही पुष्कळ झाली. पण आज विचार करता तिच्यात दोन गुण दिसतात. अडथळा आला हे प्रसारण करणारा स्वतः कबूल करीत असे. आणि तो सगळ्यांना एकाच वेळी दिसत असे. चित्र बंद पडले की चाळीतली सगळी माणसे बाहेर येत, एकमेकांस विचारीत, आणि दोष आपल्या अँटेनाचा नाही हे क्षणात कळे. तक्रार सार्वजनिक होती. पुढे काय बदलले ते यावरून समजेल.

आपल्या देशात जनतेसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. त्याच वर्षी अमेरिकेत इंटरनेटवरून वाहता आवाज ऐकविण्याची युक्ती निघाली आणि मागोमाग चित्र आले. २००५ साली यूट्यूब निघाले. परंतु खरी क्रांती २००८ ते २०१२ या चार-पाच वर्षांत झाली. एकच चित्रपट पाच-सहा प्रतींत तयार करून ठेवावयाचा: कोणती प्रत जाड, स्वच्छ, कोणती हलकी, धूसर. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडावयाचे. मग आपला मोबाइल, वाट कशी आहे याचा अंदाज घेत, पुढचा तुकडा जाड मागवावा की हलका हे स्वतः ठरवितो. मायक्रोसॉफ्टने २००८ साली आणि ॲपलने २००९ साली अशा रीती आणल्या. २०१२ साली या पद्धतीचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले.

हे समजण्यास पाण्याच्या टाकीसारखे दुसरे उदाहरण नाही. नळाला पाणी कधी जोरात येते, कधी थेंब थेंब. म्हणून आपण टाकी बसवितो आणि घरातला नळ टाकीवर चालवितो. मोबाइलमध्येही अशी टाकी असते. तुकडे येऊन तीत साठतात आणि तिच्यातून चित्र वाहते. टाकी रिकामी झाली की चक्री फिरते; तिलाच आपण बफरिंग म्हणतो. टाकी मोठी ठेवावी तर ती भरेपर्यंत चित्र सुरू होत नाही, आणि थेट सामना असेल तर तो मागे पडतो. जामठ्याच्या मैदानावर गडी बाद होतो, शेजारच्या टीव्हीवर आरडाओरडा होतो, आणि आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावत येत असतो, याचे मुख्य कारण ही टाकी. सारांश, सुरू होण्यास लागणारा वेळ, अडकण्याचे प्रमाण, चित्राची स्वच्छता, ती वारंवार बदलणे आणि प्रत्यक्षापासूनचा उशीर ही पाच मापे झाली. आणि एक सुधारावे तर दुसरे बिघडते. येथे इंजिनिअराची खरी कसोटी लागते आणि त्यांच्या श्रमाबद्दल आम्हांस आदर आहे.

आता मापाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण. खोलीत पंधरा माणसे बसवून मत विचारण्याची गरज उरली नाही, कारण पाहणाऱ्याच्या हातातले यंत्रच सगळे नोंदवू लागले: चित्र केव्हा सुरू झाले, कितीदा अडकले, माणूस केव्हा कंटाळून निघून गेला. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की, नव्वद मिनिटांच्या थेट कार्यक्रमात अडकण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले, तर माणूस तीन मिनिटांहून अधिक कमी पाहतो. पुढच्याच वर्षी कृष्णन आणि रमेश सीतारामन यांनी २ कोटी ३० लाख वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींच्या नोंदी तपासल्या. चित्र सुरू होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला की माणसे जाऊ लागतात आणि दर वाढीव सेकंदाला आणखी ५.८ टक्के माणसे जातात, असे त्यांना आढळले. २०१६ साली नेटफ्लिक्सने माणसाच्या डोळ्याचा निवाडा यंत्राकडून करवून शंभरपैकी गुण देणारे माप प्रसिद्ध केले. म्हणजे शंभर वर्षांत माप एक्स्चेंजमधून खोलीत आले, आणि खोलीतून थेट आपल्या तळहातावर आले.

पण श्रोतेहो, नोंद आपल्या हातात होते आणि वही कंपनीच्या कपाटात असते! कारखान्यातही असेच असे. घड्याळ लावावयाचे कामगारावर आणि तक्ता ठेवावयाचा साहेबाच्या टेबलावर. तक्ता आम्हांलाही दाखवा, ही संघटनांची जुनी मागणी आहे.

आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि ज्यांच्या घरी संगणक कधी नव्हता त्यांच्या हाती चित्र आले. मुंबईच्या हॉटस्टारवर जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपान्त्य सामना एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोकांनी पाहिला, असे कंपनीने जाहीर केले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. एवढी जत्रा एका दारातून आत घेणे हा पराक्रमच होय. सामन्याआधी खोटी गर्दी निर्माण करून यंत्रे तपासून पाहणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या तंत्रज्ञांचे तेही एक श्रमच. पाहणाऱ्यांची संख्या सामना चालू असता पडद्यावर झळकत होती. त्यांपैकी किती जणांचे चित्र कितीदा अडकले, हा आकडा मात्र पडद्यावर नव्हता. तोही कोठेतरी मोजला गेलाच असणार, कारण धंद्याला त्याच आकड्याची गरज अधिक.

चित्र अडकले तर क्रिकेटच बुडते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. २४ मार्च रोजी या धंद्यातल्या बड्या कंपन्यांनी ठरविले की, १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर चित्र ठरावीक हलक्या दर्जाहून वर पाठवावयाचे नाही, म्हणजे सर्वांना वाट मिळेल. युरोपातही त्याच सुमारास असेच झाले. हा एक प्रकारचा रेशनिंगचा निर्णय होता. आम्हांस तो योग्य वाटला, आणि सर्वांसमक्ष सांगून केला म्हणून अधिकच योग्य वाटला. परंतु त्याच महिन्यांत आम्ही दुसरेही पाहिले. नीलडोहला आमच्या एका सभासदाच्या खोलीत एकच मोबाइल होता आणि त्याची मुलगी त्यावर शाळेचा तास पाहत असे. गणिताचे उदाहरण फळ्यावर अर्धे झाले की चित्र अडके; ते पुन्हा हले तेव्हा फळा पुसलेला असे. मुलगी बापाला म्हणाली, “बाबा, आपलाच मोबाइल खराब आहे काय?” बापाने उसनवारी करून नवा मोबाइल आणला. चित्र तरीही अडके.

येथे सगळ्या इतिहासाची गाठ आहे. पूर्वीची पाटी सर्वांना दिसे. आजची चक्री ज्याची त्याला दिसते. प्रत्येकाला वाटते की दोष आपला, आपल्या स्वस्त यंत्राचा, आपल्या नशिबाचा. एकट्याची तक्रार ही तक्रार राहत नाही, ती कुरकुर होते. कामगार चळवळीत आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती ही की, दहा जणांचे दुखणे एका कागदावर आले म्हणजे त्याची मागणी होते.

तेव्हा आम्ही वही केली. नीलडोह, डिगडोह आणि वानाडोंगरीच्या काही घरांत शाळेच्या वह्या वाटल्या. चित्र अडकले की वेळ लिहावयाची, एवढेच काम. पोरांनी ते हौसेने केले. आठ-पंधरा दिवसांत दिसून आले की, दुपारच्या नोंदी थोड्या आणि पाळी सुटल्यानंतरच्या, रात्री आठ ते दहाच्या, नोंदींनी पाने भरलेली. यंत्रे निरनिराळी, घरे निरनिराळी, वेळ एकच! आम्ही सेवा देणाऱ्या कंपनीकडे अर्ज केला. तिचा माणूस सकाळी अकराला आला, वेग मोजला, ‘उत्तम आहे’ म्हणाला आणि चालला. आम्ही त्याला चहा पाजला आणि रात्री साडेआठला पुन्हा येण्याची विनंती केली. तो भला माणूस होता, आला. चक्री त्याच्याही समोर फिरली. काही महिन्यांनी त्या भागात सुधारणा झाली. ती आमच्या वहीने झाली असा दावा आम्ही करीत नाही. पण त्या मुलीला एवढे कळले की दोष तिच्या बापाचा नव्हता. गर्दीच्या तासाला मोजा, हे कोपनहेगनला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक असलेले शहाणपण शाळेच्या वहीने पुन्हा सिद्ध केले.

कायद्याने काय केले, हेही सांगणे न्यायाचे होईल. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड मानले गेले. २०१३ मध्ये ५१२ झाले. जानेवारी २०२३ मध्ये ते दोन मेगाबिटांवर गेले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले. त्यांत दिरंगाईची मर्यादा १२० मिलिसेकंद ठेवली. पण ती मोजावयाची कोठून? कंपनीच्या ठाण्यापासून पुढे! ठाण्यापासून आपल्या खोलीपर्यंतची वाट त्या मापाबाहेर राहिली. दुकानदाराने पोते गोदामात तोलावे आणि गिऱ्हाइकाने घरी आलेले धान्य मुकाट्याने घ्यावे, तसा हा प्रकार. २०१६ साली प्राधिकरणाने वेग मोजण्याचे एक ॲप लोकांच्या हाती दिले, हे चांगले झाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: सेवा कोठे पोचते याचे नकाशे कंपन्यांनी प्रसिद्ध करावयाचे, आणि जिल्ह्यात चोवीस तासांहून अधिक सेवा बंद पडली तर गिऱ्हाइकाला भरपाई द्यावयाची. परंतु हे नियम वाटेचे आहेत. त्या वाटेवरून चित्र पाठविणाऱ्याने, ते कितीदा अडकले याचा हिशेब लोकांपुढे मांडावा, असे त्यांत नाही.

आणि हिशेब मांडला तरी सरासरीपासून सावध राहावे. दहा घरे तासभर चित्र पाहत आहेत असे समजा. नऊ घरांत ते अखंड चालले; दहाव्या घरात सहा मिनिटे अडकले. सरासरी काढली तर अडकण्याचे प्रमाण एक टक्का, घरटी छत्तीस सेकंद! कागदावर कोणालाही त्रास नाही. दहाव्या घरात मात्र फळा पुसला गेला आहे. चांगले इंजिनिअर हे जाणतात. ते सर्वांना रांगेत उभे करून शेवटच्या पाच जणांचे काय झाले ते पाहतात. पगाराच्या बोलणीतही आम्ही हेच म्हणत आलो: कारखान्याची सरासरी मिळकत सांगू नका, झाडूवाल्याचे पाकीट दाखवा.

आमचे मागणे लांबलचक नाही. माप गर्दीच्या तासाचे असावे. ते घराच्या आतले असावे. रांगेतल्या शेवटच्याचे असावे. आणि आपल्याच यंत्राने केलेली नोंद आपल्याला वस्तीवार पाहावयास मिळावी. यासाठी नवीन शोध लागावयाचा नाही. मापे तयार आहेत, नोंदी रोज होत आहेत, फक्त कपाटाची किल्ली एकाच बाजूकडे आहे. किलोचे वजन दुकानदाराच्या हातून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आले, तेही आपोआप आले नाही. तोपर्यंत शाळेची वही आणि पेन्सिल कोणी काढून घेतलेली नाही. आज रात्री घरी गेल्यावर चित्र अडकले तर वेळ लिहून ठेवा, आणि उद्या शेजाऱ्याला त्याची वेळ विचारा. एवढे केलेत तर ह्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण येथे बसलात त्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.